ताट आणि पंगत

ख्रिस्ती शिकवण एका वाक्यात सांगा, असे कुणी म्हटले असते तर बरीच वर्षे माझे उत्तर ठरलेले होते : दुसऱ्याचा न्याय करू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानातला सातवा अध्याय, डोंगरावरच्या प्रवचनाचा शेवटचा भाग. बाकीचे सगळे त्याच्या मागे येते, असे मी मानत असे आणि शब्बाथशाळेत मुलांना तसेच शिकवत असे. आज मी ते उत्तर देणार नाही. ते वचन खोटे आहे असे मला वाटू लागलेले नाही. पण आपण ते नेमके चुकीच्या जागी वापरतो, आणि जिथे वापरायला हवे तिथे मात्र विसरतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

आधीचे मत मला इतके प्रिय का होते, ते सांगते. मी नगरकडच्या मराठी प्रोटेस्टंट घरात वाढले. आमच्याकडे मंडळी म्हणजे चारचौघांत सगळे उघडे. उपासनेला कोण उशिरा आले, कुणाच्या मुलीने टिकली लावली, कुणाच्या मंगळसूत्रात क्रूस आहे आणि कुणाच्या नुसत्याच वाट्या, शेजारच्या हिंदू घरातून आलेला दिवाळीचा फराळ कुणी ठेवून घेतला आणि कुणी परत पाठवला, याची चर्चा आशीर्वाद होऊन लोक दारात येईपर्यंतसुद्धा थांबत नसे. कुणाला प्रभुभोजनाला बसू द्यायचे, कुणाला नाही, हे पंचकमिटीत ठरे. अशा ठिकाणी विचार करणाऱ्या मुलीला एकच वचन आधाराचे वाटते. कुणी कुणाविषयी बोलू लागले की मी ते तोंडावर फेकत असे. समोरचा गप्प बसे. वचन बायबलमधले, तेही खुद्द येशूचे. वाद घालणार कोण?

त्याचा आणखी एक फायदा होता, तोही लपवत नाही. शाळेच्या शिक्षकखोलीत मी एकटीच ख्रिस्ती. धर्मांतराचा, मिशनऱ्यांचा, कुठल्याशा फादरच्या बातमीचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळत. ‘आमच्यात कुणाचा न्याय करत नाहीत’ एवढे म्हटले की मी मोठ्या मनाची ठरे आणि विषयही बदले. म्हणजे ते वचन घरात ढाल होते आणि बाहेर शोभेचे होते.

तो अध्याय पुढे काय सांगतो हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, मग तुला भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला नीट दिसेल, असे तिथे आहे. म्हणजे कुसळ काढायचे आहेच; क्रम तेवढा पाळायचा आहे. त्याच अध्यायात थोडे पुढे मेंढरांच्या वेषात येणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांचा इशारा आहे, आणि त्यांना फळांवरून ओळखा असे सांगितले आहे. न्याय न करता ओळखायचे कसे? योहानाच्या शुभवर्तमानात तर वरवर पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा, असे येशूच सांगतो. हे सगळे मी वाचले होते, पाठही होते. पण वाचल्याने मत बदलतेच असे नाही. माझे मत बदलायला सुरुवात झाली ती पंडिता रमाबाईंच्या पत्रांपासून.

रमाबाई आमच्या घरातली देवमाणूस. तिचे केडगावचे मुक्तिसदन, तिने सांभाळलेल्या विधवा आणि दुष्काळातल्या मुली, तिने केलेले बायबलचे भाषांतर, हे सगळे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. तिची इंग्रजी पत्रे १९७७ साली अ. भि. शहांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली. ती मी बऱ्याच उशिरा वाचली. त्यांत मला भेटलेली रमाबाई आमच्या भिंतीवरच्या तसबिरीतली नव्हती.

१८८३ साली ती लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेली आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे अँग्लिकन जोगिणींच्या मठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन ही तिची धर्ममाता. रमाबाई तिला ‘आजीबाई’ म्हणत असे. पुढची दोनअडीच वर्षे या आजीबाईने रमाबाईच्या प्रत्येक गोष्टीचा न्याय केला. रमाबाई मांस-मासे खात नसे, अंडे घातलेला पदार्थही टाळत असे. आजीबाईला त्यात जुन्या जातीचा अहंकार दिसला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपली संस्कृत काय वाईट, असे रमाबाईने विचारले. त्यातही गर्व दिसला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात ती पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवील अशी गोष्ट निघाली, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईने कलकत्त्यात पंडितांच्या सभेपुढे शास्त्रार्थ केला, तिने पुरुषांना शिकवले तर हिंदुस्थानात तिची किंमत जाईल, अशी या लोकांना भीती! त्रैक्याचा सिद्धांत, कुमारीजन्म, चर्चचा अधिकार, या सगळ्यांवर रमाबाई प्रश्न विचारत राहिली आणि प्रत्येक प्रश्न तिच्या खात्यावर पाप म्हणून चढत गेला. तिने मात्र स्पष्ट कळवले : हिंदू पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे जोखड घालून घेणार नाही.

सिस्टर जेराल्डीन दुष्ट बाई नव्हती. तिने मनोरमेवर आईसारखी माया केली. पुढे म्हातारपणी रमाबाईची ती झोंबणारी पत्रेसुद्धा तिनेच जपून, जुळवून ठेवली. तिने ठेवली म्हणून आज आपल्याला वाचता येतात. ती जे करत होती ते प्रीतीने, रमाबाईच्या आत्म्याच्या कल्याणासाठी करतो आहोत अशीच तिची समजूत होती. आमच्या मंडळीतल्या फराळाची चौकशी करणाऱ्या बायांचीही तीच समजूत असते.

या भांडणात अंड्याचा विषय आला आणि मला पौलाची आठवण झाली. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात अगदी हाच प्रश्न आहे. रोमच्या मंडळीत काही जण सर्व काही खात, काही जण फक्त भाजीपाला. पौल सांगतो, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण? पहिल्या शतकात रोमला लिहिलेले ते उत्तर एकोणिसाव्या शतकात वाँटेजच्या मठात रोज वाचले जात असणार. मठाच्या जेवणाच्या टेबलावर त्याचा कुणी उपयोग केला नाही.

इथवर माझे जुने मत आणखी पक्के व्हायला हवे होते. पाहा, न्याय करू नका हेच खरे! पण त्याच पौलाचे दुसरे पत्र, गलतीकरांस लिहिलेले, याच्या उलट बाजूने येते, आणि तिथेही विषय जेवणाचाच आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांबरोबर एका पंगतीत जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची यहूदी माणसे आली तसा तो हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतरही सरले, बर्णबासुद्धा वाहवला. पौलाने तेव्हा ‘दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा मी कोण’ असे म्हटले नाही. त्याने पेत्राला, खुद्द पहिल्या प्रेषिताला, सगळ्यांसमोर तोंडावर दोष दिला आणि त्या वागण्याला ढोंग म्हटले.

दोन्हीकडे तोच माणूस आणि तोच जेवणाचा प्रश्न, पण न्याय दोन तऱ्हांचा. मला बराच काळ हा पौलाचा विसंगतपणा वाटे. आता वाटत नाही. रोमला प्रश्न होता माझ्या ताटात काय आहे हा. अंत्युखियात प्रश्न होता पंगतीतून कुणाला उठवले हा. ताट माझे आणि माझ्या देवाचे. त्यात दुसऱ्याने डोकावू नये. पंगत सगळ्यांची, तिथून कुणाला उठवले जात असेल तर गप्प बसण्याचा अधिकार कुणालाच नाही. आपण ख्रिस्ती लोक, निदान मी ज्यांच्यात वाढले ते आम्ही, नेमके उलट करत आलो. ताटांवर आमची न्यायालये भरली. पंगतींच्या बाबतीत आम्हाला मत्तय सात आठवला.

हे जातीच्या बाबतीत सर्वांत उघड दिसते. आमच्याकडे दोन्ही बाजू बाप्तिस्मा झालेल्या, दोन्ही एकाच गीतपुस्तकातून गाणाऱ्या, तरी सोयरीक जुळवताना आजोबा कुठल्या वाड्यातले याची चौकशी होते. एका भगिनी मंडळात एका तरुण मुलीने हे उभे राहून बोलून दाखवले, तेव्हा वडीलधाऱ्या बायकांनी तिला तेच वचन ऐकवले. मी तेव्हा वचनाच्या बाजूने होते. गोव्यात कॅथॉलिकांच्या कोन्फ्रारिया, म्हणजे चर्चचे बंधुसंघ, काही गावांत जातीवर बेतलेले राहिले. कुंकळ्ळीत फेस्ताचा मान कुणाचा, यावरून गावकरी आणि इतर यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथॉलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत उभी राहिली. मेलेल्यांचीही पंगत वेगळी! भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो हे लेखी मान्य केले. ही कबुली मोठी आहे, पण ती यायला लागलेला काळ त्याहून मोठा आहे.

आमच्या ढोंगाचा याहून नमुनेदार पुरावा दुसरीकडे आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान राहिले. दलित ख्रिस्ती लोकांनाही तो दर्जा मिळावा, ही मागणी मला न्याय्य वाटते. पण ती मांडताना आम्ही दिल्लीत सांगतो की बाप्तिस्म्याने जात जात नाही, ती चर्चमध्येही पाठीशी येते. आणि रविवारी मंडळीत, कुणी विचारलेच तर सांगतो की आमच्यात जातपात नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून येतात. बाहेरच्या कुणी ते दाखवले की आमचे उत्तर तयार असते : न्याय करू नका.

न्याय न करण्याचा दुसरा परिणाम जगभर उघडा पडला तो मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांत. २००२ साली ‘बॉस्टन ग्लोब’ने तिथल्या धर्मप्रांतातला प्रकार छापला : तक्रार आलेल्या पाद्र्यांना एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवले जात होते. त्यांना आणखी एक संधी, आणखी एक क्षमा मिळत गेली. त्या क्षमेची किंमत नव्या पॅरिशमधल्या मुलांनी मोजली. या विषयात मला सर्वांत जास्त शिकवले ते पोप फ्रान्सिस यांच्या वागण्याने. जुलै २०१३ मध्ये ब्राझीलहून परतताना विमानात समलिंगी धर्मगुरूंविषयी प्रश्न आला, तेव्हा देवाचा शोध घेणाऱ्या माणसाचा न्याय करणारा मी कोण, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. माझ्यासारख्या प्रोटेस्टंट बाईलाही ते ऐकून बरे वाटले होते. माझ्याच वचनाला पोपची साथ मिळाली होती. पण जानेवारी २०१८ मध्ये चिलीत, एका धर्मगुरूचे अत्याचार झाकल्याचा आरोप असलेल्या बिशप बारोस यांच्याबद्दल विचारताच त्यांनी पुरावा मागितला आणि आरोपांना बदनामी म्हटले. अत्याचार सोसलेली माणसे समोर असताना चर्चच्या प्रमुखाने बिशपची बाजू घेतली होती. मग त्यांनी चौकशीला माणसे पाठवली, अहवाल वाचला, आणि एप्रिलमध्ये आपल्या पारखण्यात गंभीर चुका झाल्याचे लेखी कबूल करून त्या माणसांची क्षमा मागितली. मे महिन्यात चिलीच्या बिशपांनी एकत्र राजीनामे देऊ केले. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, अशा तक्रारी वरिष्ठांना कळवणे हे धर्मगुरूंचे आणि जोगिणींचे कर्तव्य ठरवणारा नियम त्यांनीच काढला. विमानातले उत्तर आणि चिलीतले उत्तर एकाच उदार वृत्तीतून आले असेल; पण पहिले ताटाविषयी होते, दुसरे पंगतीविषयी. दुसऱ्यात उदार होण्याचा हक्क सोसणाऱ्यांचा होता, पोपचा नव्हता.

ढोंगाविषयी बोलताना परूशी लोकांचे नाव घेतल्याशिवाय आमचा एकही उपदेश पुरा होत नाही. मीही शब्बाथशाळेत त्यांची भरपूर टर उडवली आहे. मंदिरात छाती काढून प्रार्थना करणारा परूशी आणि दूर उभा राहून ऊर बडवणारा जकातदार, लूकने सांगितलेला हा दाखला ऐकून आम्ही मनात काय म्हणतो? देवा, मी त्या परूशासारखा नाही, म्हणून तुझे आभार! दाखल्यातले पाप दाखला ऐकतानाच घडते. खरे परूशी हे बहुतांशी सामान्य लोकांत राहून नियमशास्त्र मनापासून पाळू पाहणारे यहूदी होते. स्वतःतल्या ढोंग्यांवर त्यांनीही कोरडे ओढले. तालमूदमध्ये दिखाऊ परूशांच्या तऱ्हांची यादीच आहे. त्यांना शिवी करून ख्रिस्ती युरोपने शतकानुशतके यहूद्यांचा जो छळ केला, त्यानंतर १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला यहूद्यांवरचा सामूहिक दोषारोप अधिकृतपणे मागे घ्यावा लागला.

त्याच तालमूदमध्ये रब्बी तर्फोनचा एक उद्गार आहे. त्याच्या पिढीत कुणी कानउघाडणी ऐकून घेत असेल असे त्याला वाटत नाही. कारण डोळ्यातले कुसळ काढ असे एखाद्याला सांगावे, तर तो उलट म्हणतो, तू आधी आपले मुसळ काढ. हे वाचले आणि माझ्या जुन्या मताचे उरलेसुरले सगळे संपले. येशूने न्याय करणाऱ्याला वेसण म्हणून दिलेले वचन दोषी माणसाच्या हाती गेले की सुटकेची वाट होते, हे त्या काळातल्या यहूदी शिक्षकाला दिसत होते. मी वर्षानुवर्षे मुलांना ती वाट दाखवत होते.

मग आता मी सगळ्यांचा न्याय करत सुटावे काय? ही भीती मला आहे, आणि जेराल्डीनची आठवण ती कमी होऊ देत नाही. तिलाही वाटत होते की ती पंगत राखते आहे. म्हणून मी मत्तयाच्याच तेविसाव्या अध्यायातली एक कसोटी धरली आहे. शास्त्री आणि परूशी जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर देतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत, हा तिथला आरोप आहे. माझ्या न्यायाने कुणाचे ओझे उतरते आणि कुणाचे वाढते, एवढे मी पाहते. रमाबाईच्या अंड्यावर न्याय करून कुणाचेही ओझे उतरले नाही. एका परदेशी, एकट्या आईचे वाढले. पौलाने पेत्राला टोकले तेव्हा पंगतीतून उठवलेल्यांचे ओझे उतरले. न्याय वरच्याचा होतो की खालच्याचा, यावरून पुष्कळ कळते. येशूचे कठोर शब्द शास्त्र्यांसाठी होते; व्यभिचारात धरून आणलेल्या बाईला त्याने दोषी ठरवले नाही, पुन्हा पाप करू नकोस म्हणून जाऊ दिले. आमची पंचकमिटी बाईला कठोर आणि शास्त्र्यांना मऊ असते.

ताट सोडून दिले तर माणसे बिघडतील, असे मला पूर्वी ऐकवले जाई आणि तेव्हा उत्तर सुचत नसे. आता लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे परतल्या, तरी त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही. टिळक तापट म्हणून प्रसिद्ध. पण बायकोच्या स्वयंपाकावर, पाण्यावर, शिवाशिवीवर त्यांनी सक्ती केली नाही. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला घातला, स्वतःच सोडवला आणि मग त्या मागे फिरल्या नाहीत. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ताटाला कुणी हात लावला नाही, म्हणून त्या आपल्या पायांनी पंगतीत आल्या.

रमाबाईने १९०७ साली आपली साक्ष लिहिली. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे ती तिथे सांगते. जिच्यावर इतरांनी इतका न्याय केला, तिने स्वतःचा न्याय त्या सगळ्यांपेक्षा कठोर केला. आणि त्याच बाईने बालविधवांच्या बाजूने पुण्यामुंबईतल्या सनातन्यांना आणि चर्चच्या अधिकाऱ्यांना जाब विचारणे सोडले नाही. आधी आणि मग, हा क्रम मला तिच्यात पुरा झालेला दिसतो.

आता शब्बाथशाळेत मत्तय सातचा पाठ आला तर मी रोमकरांस पत्र आणि गलतीकरांस पत्र सोबत घेते. माझ्या मंडळीतल्या वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे. यापुढे कुणी ‘न्याय करू नका’ असे म्हणाले, तर ते वचन कोण म्हणत आहे ते पाहा. ज्याच्या ताटात लोक डोकावत आहेत तो म्हणत असेल, तर त्याचे ऐका आणि नजर वळवा. ज्याने कुणाला पंगतीतून उठवले आहे तो म्हणत असेल, तर गप्प बसू नका.